खारबांध, चिंबोऱ्या आणि तिवर : कोकणातल्या खाड्यांची पार्श्वभूमी

अलिबाग-पेणच्या खारेपाटात, म्हणजे बांध घालून खाडीतून काढलेल्या सखल भातजमिनींच्या पट्ट्यात, बरीच वर्षं एक पेच चालू आहे. खाडीच्या बांधाला खांड जाते, म्हणजे तो एका जागी फुटतो, उधाणाचं पाणी भातखाचरांत शिरतं, दुरुस्ती वेळेत होत नाही आणि दोन-तीन पावसाळ्यांत त्या खाचरांत तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, उभी राहतात. सातबाऱ्यावर भातशेती, जमिनीवर कांदळवन, म्हणजे खारफुटीचं जंगल. शेतकरी म्हणतो, बांध घालून माझं शेत मोकळं करून द्या. वनखातं म्हणतं, तिवराला हात लावता येणार नाही. दोघांच्याही हातात कायद्याचा कागद आहे आणि दोन्ही कागद खरे आहेत.

हा पेच काल-परवाचा नाही. कोकणातल्या खाडीत कुठली झाडं वाढली, कुठले मासे आत आले, भात कुठवर पिकलं, हे पाणी कोण आत घेतो आणि कोण अडवतो यावरच ठरत आलं आहे. कायदा बोलतो तो झाडांबद्दल. खाडीतली जीवसृष्टी चालते ती भरती-ओहोटीवर. गोंधळाचं मूळ या तफावतीत आहे.

पाणी कुठवर चढतं

मुंबईला मोठ्या उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं. दक्षिणेकडे जावं तसा हा चढ कमी होत जातो; वेंगुर्ल्यापर्यंत तो अडीच मीटरच्या आसपास येतो. रायगडातल्या धरमतर, कुंडलिका या खाड्या रुंद, सपाट आणि गाळाच्या आहेत. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या बऱ्याच खाड्या जांभ्याच्या कड्यांमधून वाट काढत येतात, म्हणून अरुंद. खारभूमीची मोठी शेती रायगडात झाली, ती याच कारणाने. दक्षिणेत बांध घालून शेत काढण्याइतकी सपाट जागाच थोडी.

खाडीकाठच्या झाडांनी हा चढउतार आपापसांत वाटून घेतला आहे. समुद्राच्या तोंडाशी, रोज दोनदा बुडणाऱ्या चिखलात चिपी आणि तिवर. खाडीच्या आतल्या काठांना, आधारमुळांच्या कमानी टाकून उभा असलेला कांदळ. त्यामागे, फक्त उधाणाचंच पाणी पोचतं अशा जागी किरकिरी. आणखी वर, जिथे नदीचं गोडं पाणी मिसळतं तिथे काटेरी पानांची मारांडी आणि काजळा. महाराष्ट्रात खऱ्या अर्थाने कांदळवनातल्या म्हणाव्यात अशा सुमारे 20 जाती आहेत. त्यांतली विविधता मुंबई-ठाण्याच्या अफाट पसरलेल्या तिवरांपेक्षा आचऱ्यासारख्या सिंधुदुर्गातल्या लहानशा खाडीत जास्त सापडते.

मिठाशी प्रत्येकाचा व्यवहार निराळा आहे. कांदळ मुळाशीच बरंचसं मीठ गाळून टाकतो. तिवर मीठ आत घेते आणि पानांवरच्या ग्रंथींतून बाहेर टाकते. कोरड्या दिवशी दुपारी पान चाटून पाहावं, खारट लागतं. चिखलात प्राणवायू नसतो, म्हणून तिवर मुळांची बोटं चिखलाबाहेर वर काढते. ही श्वसनमुळं साधारण वीतभर उंचीची असतात आणि त्यांवरच्या सूक्ष्म छिद्रांतून ओहोटीच्या वेळी हवा आत जाते. ही बोटं सलग काही आठवडे पाण्याखाली राहिली किंवा त्यांच्यावर राडारोड्याचा थर बसला, तर झाड उभ्याउभ्या गुदमरतं. कुऱ्हाड न लावता तिवर मारायची रीत हीच : रस्त्याखालची मोरी बुजवायची आणि वाट पाहायची.

पान कोण खातं

कांदळवनं माशांची पाळणाघरं असतात, हे वाक्य आता शाळेच्या पुस्तकांतही येतं. त्यामागचं संशोधन तितकं जुनं नाही. 1960 च्या दशकाच्या अखेरीस फ्लोरिडातल्या नॉर्थ रिव्हरच्या खाडीत एरिक हील्ड आणि विल्यम ओडम या संशोधकांनी कांदळाच्या गळलेल्या पानांचा पाठपुरावा केला. पान पाण्यात पडतं, त्यावर बुरशी आणि जिवाणू चढतात, कुजत जाताना त्यातलं प्रथिनांचं प्रमाण वाढतं आणि तो चुरा खाऊन कोळंबी-खेकडे जगतात, त्यांच्यावर मासे. 1972 पर्यंत ही मांडणी प्रसिद्ध झाली आणि जगभर कांदळवनं वाचवण्याच्या बाजूने ती पहिला भक्कम पुरावा ठरली.

पुढे ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड किनाऱ्यावर काम करणाऱ्यांना वेगळं चित्र दिसलं. तिथे भरती पान वाहून नेण्याआधीच बिळांत राहणारे छोटे खेकडे ते ओढून आत नेत होते. 1989 मध्ये रॉबर्टसन आणि डॅनियल यांनी उंचावरच्या काही कांदळवनांत गळलेल्या पानांपैकी 70 टक्क्यांहून अधिक पानं खेकडे उचलतात, असं मोजून दाखवलं. 1991 मध्ये थॉमस स्मिथ आणि सहकाऱ्यांनी याच्याही पुढे जाऊन काही तुकड्यांतले खेकडे काढून टाकले. बिळं बुजली, चिखलात सल्फाइड साठलं आणि झाडांची वाढ खुंटली. खेकडे निघाले आणि झाडं आजारली, असा तो सरळ निष्कर्ष. त्यानंतरच्या समस्थानिकांच्या (कार्बन कुठून आला हे ओळखण्याच्या) अभ्यासांनी मूळ मांडणीला आणखी मुरड घातली : कोळंबी आणि माशांच्या अंगातला बराचसा कार्बन पानांच्या चुऱ्यातून न येता चिखलावरच्या सूक्ष्म शेवाळातून येतो. म्हणजे झाडांइतकाच उघडा चिखलही मासळीला पोसतो. आपल्याकडच्या कांदळवनाच्या चर्चेत हा मुद्दा अजून नीट उतरलेला नाही.

कोकणात हेच सगळं ओहोटीला उघड्यावर दिसतं. तिवराखाली निवट्या हे लहान मासे चिखलावर उड्या मारत शेवाळ खरवडतात. कांदळाच्या मुळांना कालवं चिकटलेली असतात. मुळं तुटली की कालवं गेली. चिखलात खुबे आणि तिसऱ्या पाणी गाळत बसलेल्या. चिंबोरी, जिला रत्नागिरीपासून खाली कुर्ली म्हणतात, मीटरभराहून लांब बीळ करते. त्या बिळातून भरतीचं ताजं पाणी खोलवर जातं आणि मुळांपाशी हवा पोचते. रात्री चिपीचं फूल उघडतं, सकाळपर्यंत त्याचे पुंकेसर गळायला लागतात. मधल्या काही तासांत वटवाघळं आणि मोठे पतंग येऊन परागण करून जातात. पांढरी चिपी 2020 मध्ये राज्याचा कांदळवृक्ष म्हणून जाहीर झाली. तिच्या परागणाची जबाबदारी मात्र ज्यांच्यावर आहे, त्या वटवाघळांच्या वसतीची झाडं कुठल्याच यादीत नाहीत.

बांध, उघाडी, जोळ

कुलाबा जिल्ह्याच्या 1883 च्या गॅझेटियरमध्ये खाडीतून काढलेल्या शिलोत्री जमिनींची नोंद आहे, म्हणजे खारभूमीची शेती त्याच्याही बरीच आधीची. तिचं तंत्र वरवर साधं वाटतं, पण त्यात खाडीची पूर्ण समज आहे.

खाडीच्या बाजूला मोठा बांध, त्याला बाहेरकाठा म्हणतात. बाहेरच्या अंगाला दगडांचं पिचिंग, आतून खाडीतल्याच चिकट मातीचे थर, प्रत्येक थर तुडवून बसवलेला. बांधात ठरावीक जागी उघाडी. तिची झडप बाहेरच्या बाजूला उघडते : ओहोटीला आतलं पावसाचं पाणी तिला ढकलून बाहेर जातं आणि भरती आली की बाहेरच्या दाबाने ती आपोआप बंद होते. झडपेत एखादा ओंडका अडकला किंवा गाळ साचला, तर ती नीट मिटत नाही आणि खारं पाणी रातोरात आत येतं. म्हणून उधाणाच्या आधी उघाडी साफ असणं ही अमावास्या-पौर्णिमेला बांधलेली जबाबदारी असे.

मीठ धुण्याचं काम पावसाचं. जूनमध्ये खाचरं भरून घ्यायची, पाणी साचू द्यायचं, विरघळलेलं मीठ उघाडीतून सोडायचं, पुन्हा भरायचं. मातीच्या द्रावाची विद्युतवाहकता 4 डेसिसायमन प्रति मीटरच्या वर असेल तर शास्त्रात ती क्षारपड धरतात. भाताच्या कोवळ्या रोपाला त्याच्याही खाली त्रास सुरू होतो. म्हणून खारेपाटात रोपं लावण्यापेक्षा मोड आलेलं बी चिखलावर फेकायची रहूची पद्धत रुळली : बी चिखलाच्या वरच्या, धुतलेल्या थरातच रुजतं. बियाणंही तसंच, राता जातीचं, लाल तांदळाचं. निवड करून त्यातूनच काळा राता आणि भुरा राता हे वाण काढले गेले आणि पुढे पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने पनवेल 1, 2 आणि 3 हे क्षार सोसणारे वाण दिले. पाऊस संपला की केशाकर्षणाने मीठ पुन्हा वर येतं आणि मार्च-एप्रिलपर्यंत खाचरावर पांढरा थर दिसतो. दुबार पीक म्हणूनच अवघड.

या शेतीने खाडी निर्जीव केली असं नाही. पावसाळ्यात खाडीलगतच्या डबक्यांतून जिताड्याची पिल्लं पकडून घराजवळच्या तळ्यात सोडायची आणि दोन-तीन वर्षं वाढवायची, ही खारेपाटाची जुनी रीत. जिताडा, सिंधुदुर्गातला चोणक, वाढतो गोड्या किंवा मचूळ पाण्यात आणि विणीसाठी खाडीच्या तोंडाशी जातो. आयुष्याची पहिली काही वर्षं तो नर असतो, मोठा झाला की मादी होतो. म्हणजे मोठे मासेच सगळे पकडले तर अंडी घालणारं कुणी उरत नाही. आणि पिल्लं डबक्यांत येण्यासाठी खाडीकाठचं खाजण, म्हणजे भरतीची दलदल, जिवंत असावं लागतं. शेतकऱ्याचं तळं बांधाबाहेरच्या तिवरांवर असं अवलंबून होतं.

बांधही तिवरांवरच उभा होता. बांधाबाहेर तिवरांचा पट्टा राखायचा, कारण लाटेचा मार आधी तो घेतो. उलट, बांधाचा शत्रूही त्याच चिखलातला : चिंबोरी. कांदळवनात जे बीळ मुळांना हवा देतं, तेच बांधातून आरपार गेलं की भरतीचं पाणी त्यातून झिरपायला लागतं. सुरुवातीला बोटाएवढी धार. पाणी आतली बारीक माती धुऊन नेतं, वाट रुंदावते आणि एखाद्या मोठ्या उधाणाला तिथेच खांड जाते. पाहणाऱ्याला वाटतं लाटेने बांध फोडला. खरी सुरुवात आठवडाभर आधी, आतल्या उतारावर दिसलेल्या ओल्या डागापाशी झालेली असते. असा डाग दिसला की आतून माती न लोटता बाहेरच्या तोंडाशी बीळ खणून, चिकणमातीचे गोळे ठासून बुजवायचं असतं. आतून नुसती माती टाकली तर पाणी ती घेऊन बाहेर येतं.

ही राखण एकट्याच्या आवाक्यातली नव्हती. खारेपाटात तिला जोळ म्हणत : बांधाचा फायदा ज्यांना होतो त्या सगळ्यांनी मिळून माणसं आणि श्रम द्यायचे. वरती खोत किंवा शिलोत्रीचा धनी असे, बांधाची जबाबदारी त्याची आणि उत्पन्नाचा मोठा वाटाही त्याचा. हा वाटा किती, यावरूनच 1933 ते 1939 असा अलिबागजवळच्या चरी गावचा शेतकरी संप झाला. नेतृत्व नारायण नागू पाटलांचं. खोती पुढे 1949 च्या कायद्याने गेली, कुळं मालक झाली, आणि ते व्हायलाच हवं होतं. पण बांधाची व्यवस्था कुणाकडे, हा प्रश्न उघडा राहिला. 1948 चा मुंबई खारभूमी कायदा आणि त्यानंतरचा 1979 चा महाराष्ट्र खारभूमी विकास कायदा यांनी बांध सरकारच्या यंत्रणेकडे नेला. त्याच काळात तरुण हात मुंबईच्या गिरण्यांकडे आणि पुढे रायगडातल्या कारखान्यांकडे गेले. जोळ विरत गेली. चिंबोरीच्या बिळाची वेळीच डागडुजी करणारं कुणी नसेल, तर निविदा निघेपर्यंत खांड वाढत जाते. उधाण निविदेसाठी थांबत नाही.

बांधाबाहेरच्या झाडांचीही एक उलाढाल होती, ती आता पार विस्मरणात गेली आहे. सुती जाळी टिकावीत म्हणून ती साल उकळून रंगवत, त्यासाठी कांदळाची साल जाई. नायलॉनची जाळी आली आणि ही गरज संपली. सरपण तेवढं चालू राहिलं. गॅस घरोघर आल्यावर तेही कमी झालं.

कायदा झाडापाशी येतो

19 फेब्रुवारी 1991 च्या किनारा नियमन (सीआरझेड) अधिसूचनेने कांदळवनं सर्वांत संवेदनशील गटात घातली. अंमल फारसा झाला नाही. मुंबईच्या आसपास भराव चालूच राहिला आणि त्याविरुद्ध बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अ‍ॅक्शन ग्रुप उच्च न्यायालयात गेला. 6 ऑक्टोबर 2005 ला न्यायालयाने अंतरिम आदेश दिला : राज्यभर कांदळवनांची तोड बंद, 50 मीटरच्या आत भराव-बांधकाम बंद, सरकारी जमिनीवरची कांदळवनं वनखात्याकडे. त्याच वर्षी 26 जुलैला मुंबई बुडाली होती आणि आदल्या डिसेंबरातली त्सुनामी लोकांच्या डोळ्यांपुढे होती, त्यामुळे हवा अनुकूल होती. जानेवारी 2012 मध्ये वनखात्यात स्वतंत्र कांदळवन कक्ष आला. असा कक्ष काढणारं महाराष्ट्र आघाडीचं राज्य. अंतिम निकाल 17 सप्टेंबर 2018 चा. 2019 च्या नव्या अधिसूचनेत 1000 चौरस मीटरपेक्षा मोठ्या कांदळवनाभोवती 50 मीटरचा पट्टा राखायची अट आहे.

निकाल मुंबईच्या भरावाला डोळ्यांपुढे ठेवून आला आणि त्या कामी तो उत्तम लागू पडला. खारेपाटातली गोष्ट त्याच्या साच्यात बसत नाही, कारण तिथे तिवर आलं ते बांध फुटल्यामुळे. उलट वाटेनेही तेच : झाड न तोडता रस्ता किंवा रेल्वेचा भराव टाकून पाणी तोडलं, तर मागचं कांदळवन काही वर्षांत सुकतं आणि कागदावर कुणीही काही तोडलेलं नसतं. म्हणून भरावाखालची मोरी आधीच्या ओढ्याच्या रुंदीइतकी आणि तळाशी चिखलाच्या पातळीला आहे का, हे तपासणं झाडं मोजण्याआधीचं काम. तळ अर्धा मीटर उंच ठेवला तरी भांगाची, म्हणजे अष्टमीच्या सुमाराची लहान, भरती आत येत नाही आणि आत आलेलं पाणी बाहेर पडत नाही.

वाशिष्ठीची गोष्ट याच जातीची, पण उलट दिशेने. कोयना प्रकल्पाचं वीजनिर्मितीनंतरचं पाणी, वर्षाला 67.5 टीएमसीपर्यंत, पश्चिमेकडे वाशिष्ठीत उतरतं. शेजारच्या खाड्या उन्हाळ्यात वरपर्यंत खारट होत जातात, तशी ही होत नाही. चिपळूणच्या मगरी सगळ्यांना ठाऊक आहेत. एका धरणाने दुसऱ्या खोऱ्यातल्या खाडीची चवच बदलली, हे कमी जणांच्या लक्षात येतं.

आकडे वाढले तेव्हा

भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालांत महाराष्ट्रातलं कांदळवन 2013 मध्ये 186 चौरस किलोमीटर होतं, 2015 मध्ये 222, 2017 मध्ये 304, 2019 मध्ये 320, 2021 मध्ये 324. 2023 च्या अहवालात ते 315 वर आलं. यातली काही वाढ संरक्षणाची, काही अधिक बारकाईने झालेल्या मोजणीची आणि काही फुटलेल्या बांधांची. आकडा तिघांना वेगळं करत नाही.

शिवाय वाढलेलं कांदळवन बहुतेक एकाच जातीचं, अ‍ॅव्हिसेनिया मरिना म्हणजे तिवराचं. ते सांडपाणी सोसतं, जास्त मीठ सोसतं, गाळ सोसतं. ठाणे खाडीत ते उघड्या चिखलावर सरकत आलं, आणि तोच चिखल रोहित (फ्लेमिंगो) आणि किनारपक्ष्यांचं ताट आहे. 2015 मध्ये अभयारण्य आणि 2022 मध्ये रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झालेल्या त्या खाडीत झाडं वाढणं हे पक्ष्यांच्या दृष्टीने नुकसानही असू शकतं.

एकाच जातीच्या वनाला एकाच वेळी अळीही पडते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हिब्लिया प्युएरा ही सागाची पानं खाणारी अळी तिवरांवर उतरते आणि आठ-पंधरा दिवसांत हिरवा पट्टा तपकिरी होतो. दरवेळी फवारणीची मागणी येते. फवारायचं नाही : अळ्या कोष करून जातात, पक्षी ताव मारतात, विष्ठेचं खत चिखलात पडतं आणि तिवरं महिना-दोन महिन्यांत पुन्हा पालवतात. फवारा मात्र ओहोटीबरोबर थेट कोळंबीच्या पिल्लांपर्यंत जातो.

लागवडीचं तंत्र तर बहुतेक ठिकाणी उलटं चालतं. कांदळाची लांब, शेंगेसारखी रोपं हाताळायला सोपी, म्हणून ती सगळीकडे खोचली जातात, भरतीच्या निम्म्या पातळीखालच्या चिखलातसुद्धा. तिथे ती दिवसातले बरेच तास बुडतात, त्यांच्यावर बार्नेकल हे कवचाचे जीव चिकटून वाढतात, वजनाने आडवी होतात. फ्लोरिडात कांदळवन पुन्हा उभं करण्याचं काम करणाऱ्या रॉबिन लुईस यांनी दाखवलं ते इथेही लागू आहे : आधी पाणी परत आणायचं, मग बी आपणहून येतं. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत महिला बचत गट होडीतून लोकांना कांदळवन दाखवतो. तिथे झाडांच्या जाती मोजता येतात त्या कुणी लावल्या म्हणून नव्हे, भरती-ओहोटी कुणी अडवली नाही म्हणून.

खारेपाटात हाच नियम शेतकऱ्याच्या विरुद्ध काम करतो. तिवराचं बी पावसाळ्याच्या उत्तरार्धात गळतं, पाण्यात पडलं की दिवसभरात त्याची साल सुटते आणि ते तरंगत कुठेही जाऊन रुजतं. वर्षातली मोठी उधाणंही त्याच महिन्यांतली. जूनमध्ये गेलेली खांड ऑगस्टच्या आत बुजली तर आत नुसतं मीठ राहतं, आणि ते पुढचा पाऊस धुऊन नेतो. ती मुदत टळली की त्या वर्षीचं बी आत आलेलं असतं, तिसऱ्या वर्षी झाडं कमरेला लागतात, आणि तिथून पुढे बांधाच्या फाइलवर खारभूमीबरोबर वनखात्याचीही सही लागते.